शर्टावरचा लाल डाग

शाळेत मी गेलो ते फक्त मतदानाला. तरी दहावी पास पोरगी पाहायला धर्माबादकडं निघालो. अंगात मामेभावाचा पांढरा शर्ट, संगं मामा.

पोरीच्या बापानं पाणी द्यायच्या आधीच विचारलं, पुडी खाता का. त्यांचा थोरला जावई गुटख्यापायी दवाखान्यात पडून होता. दुसरा तसला नको, येवढी एकच अट. मी न्हाई म्हणलं. नांदेडात ऑटो चालवतो, 'दोन मिनटात सोडतो' म्हणून दिवसभर खोटं बोलतो, पण हे खरं होतं.

मग सुशीला आलं, म्हणजे भिजवून फोडणी दिलेले चुरमुरे. हळद मोकळ्या हातानं टाकलेली. पोरगी समोर आली आन् माझा घास तोंडाऐवजी छातीवर गेला. हात धुतो म्हणून मोरीवर गेलो, तिथल्या कपड्याच्या साबणानं डाग घासला. पिवळ्याचा लाल झाला. म्हणलं, साबण कमी पडला. अजून घासला, अजून लाल. जितकी अक्कल लावली तितका पसरला.

भायेर आलो तं बापानं आधी डाग पाहिला, मग माझं तोंड. मामाला म्हणले, "पाव्हणं, भाच्याला पिचकारी तरी नीट मारायला शिकवा."

मामानं चपला शोधून पायात घातल्या. जाता जाता त्यानं बी हळूच विचारलं, मोरीत जाऊन खाल्लास का. माझी सोयरीक मोडायली, ती बी न केलेल्या गोष्टीपायी. केलेल्या तं कितीतरी होत्या.

पोरगी आत गेली. हळद, साबण आन् अर्धं लिंबू घेऊन आली. बापाच्या खांद्यावरची पांढरीशुभ्र दस्ती, म्हणजे मोठा रुमाल, ओढली, हळद चोळली, वरून ओला साबण फिरवला. दस्ती लालभडक.

"आबा, तुमी कधीपसून पुडी खायलाव?"

तिनं लिंबू पिळलं, लाल पुन्हा पिवळं. मग लिंबू माझ्या हातात दिलं. मी पिळलं ते आधी डोळ्यात उडालं, पण उरलेल्यानं शर्टाचं काम केलं.

आबाला तिनं सांगितलं, साबण आम्लारी, लिंबू आम्ल. आम्लारी लागली की हळद लाल व्हती, आम्ल लागलं की परत पिवळी. आम्ल आन् आम्लारी एकमेकाला भेटले की दोघांचा जोर मरतो, मीठ आन् पाणी उरतं. मी डोळा चोळत मान हलवली. मला मिठावरून वरणच आठवलं.

लई पोरी पाहिल्या होत्या, सगळ्या खाली मान घालून बसलेल्या. हिनं अनोळखी माणसासाठी बापाची दस्ती रंगवली.

आबानं दस्ती उलटीपालटी करून पाहिली, मग तिला विचारलं, काय करायचं.

"पुडी खात न्हाईत हे खरं निघालं," ती म्हणली. "बाकीचं त्यांच्या घरी जाऊन तपासते."

मामानं चपला परत काढल्या.