काठाचा प्रोग्राम

“हाथ धोके आ. तेल लगा होगा.”

सर सगळ्या क्लाससमोर म्हणाले. हात स्वच्छ होते माझे. तरी गेले. धुतले. परत आले तर पोरं हसत होती. हात धुवायला फक्त मला पाठवायचे. नावानं हाक मारत नसत. ‘लिंबायत’ म्हणत, सुरतेतल्या आमच्या कामगार वस्तीचं नाव.

वडील लूमवर, म्हणजे कापडाच्या मागावर कामाला; हात कायम तेलकट त्यांचे. मी अकरावीत. एका ट्रस्टनं मला या कॉम्प्युटर क्लासला घातलेलं. ते उपकार रोज ऐकावे लागत.

दिवाळीआधी सरांनी सांगितलं, प्रत्येकानं स्वतःच्या डोक्यातून एक प्रोग्राम करायचा. पालकांसमोर दाखवायचा. मी साडीचा काठ केला. पडद्यावर एकेक रेघ उमटते, बघता बघता कोयऱ्यांचा काठ विणून होतो. घरी कॉम्प्युटर कुठला! चौकड्यांच्या वहीत ठिपके मोजून आकडे काढले. तीन आठवडे.

सरांनी पाहिला. पुन्हा चालवून पाहिला. मग म्हणाले, “अच्छा है. ये मितेश दिखाएगा. तेरे को बोलना नहीं आएगा.”

मितेश म्हणजे माझ्या वडिलांच्या सेठचा मुलगा.

घरी सांगितलं. वडील म्हणाले, “गप ऱ्हाय. सेठना पोऱ्या शे तो.”

दाखवायच्या दिवशी पालक खुर्च्यांवर. सेठ पहिल्या रांगेत. पडद्यावर काठ पूर्ण झाला. मितेश म्हणाला, “आ में बनाव्युं छे.” हे म्हणे त्यानं बनवलं. टाळ्या.

 मी उठले. प्रोग्राम जिच्यात साठवला होता ती फ्लॉपी काढून मुठीत धरली. तीन अक्षरं टाइप केली, एन, ई, डब्ल्यू. एन्टर. मशीनमधला प्रोग्राम पुसला गेला.

“हवे फरी लख,” मी मितेशला म्हणाले. आता पुन्हा लिही.

तो सरांकडे बघत राहिला.

“मैंने बनाया है. लिखके दिखाती हूँ.” मी बसले. चार ओळी झाल्या. पाचवी सुरू केली तोच सरांनी मागून बटण बंद केलं. मनगट धरून मला बाहेर काढलं. क्लास संपला माझा.

दुसऱ्या दिवशी सेठनं वडिलांना कामावरून काढलं. ते दारात बसून होते. मला वाटलं, मारतील. त्यांनी एवढंच विचारलं, “तूच करेल व्हतं ना?”

“हो.”

मान खाली घातली त्यांनी. शाबास म्हणाले नाहीत. महिनाभर वणवण करून उधन्याच्या एका लूमवर दुसरं काम मिळालं. तोवर आई माझ्याशी बोलली नाही. मी माफी मागितली नाही. सेठची नाही, सरांची नाही, घरातही नाही.

माझ्या डोक्यातून निघालेलं मीच बोलणार. बोलता येवो, न येवो.