बर्फवाल्या आबांची गाठ

बर्फवाले आबा भर मे महिन्यात, पत्र्याच्या गोदामात, कानटोपीसकट जाडजूड कोट चढवून उभे राहायचे. डोळे मिटलेले, कपाळावरून घामाच्या धारा. कोणी हसलं की म्हणायचे, "गप रं. मी आता वर हाय." वर म्हणजे डोंगरात, बर्फात. अंजूरच्या त्या गोदामातून लष्कराच्या चौक्यांवर थंडीचे कपडे जायचे. आबांनी बर्फ पाहिला होता तो फक्त सरबताच्या गाडीवर.

घराणं खाडीतल्या होड्यांवर वाढलेलं. कपड्यांच्या प्रत्येक गठ्ठ्याला आबा सुतळीची तीच होडी बांधायची गाठ मारायचे. कितीही घट्ट असली तरी लोंबतं टोक ओढलं की सुटणारी. "वरच्या पोराची बोटं गोठल्यान असतील, बाय. त्यानं काय दातानं सोडायचं?" असं विचारताना त्यांचा आवाज इतका हळू व्हायचा, की तो पोरगा रॅकमागेच उभा आहे असं वाटे. मग त्या तापल्या पत्र्याखाली मलाही गार वाटायला लागायचं.

मी तिथे गेले होते फॉर्म घेऊन. गठ्ठ्यावर स्टिकर, हातात स्कॅनर आणि कुठला कोट कुठवर पोचला ते थेट पडद्यावर, अशी नवी यंत्रणा येणार होती. माणसं या बदलाला तयार आहेत का ते बघून प्रत्येकाच्या नावापुढे 'तयार' किंवा 'तयार नाही' लिहायचं, एवढंच माझं काम. 'तयार नाही'वाल्यांना ठेवणार नव्हते, आणि हे आबांना ठाऊक होतं.

स्कॅनर शिका म्हणून महिनाभर मी त्यांच्या मागे लागले. त्यांचा हात कापायचा. स्कॅनरची लाल रेघ स्टिकर सोडून सगळीकडे फिरायची, एकदा तर माझ्या ओढणीवर. "ह्यो दिवा माझा ऐकत न्हाय," म्हणून स्वतःच हसायचे. चाचणी सोडून आम्ही कितीदा तरी बर्फाच्याच गप्पा मारत बसलो. मला त्यांचा फार लळा लागला होता.

चाचणीच्या शेवटच्या दिवशी मी हळूच म्हटलं, "आबा, 'तयार' लिहिते. कोण बघतंय?"

ते माझ्यावर पहिल्यांदाच रागावले. "खोटं लिवू नको. माझ्या हातून चुकीचा गठ्ठा गेला, तर वर कोन कुडकुडंल? तू का मी?"

मग त्यांनी माझ्या हातांत जाड हातमोजे चढवले आणि दोन गठ्ठे पुढे ठेवले. एकाला नवी प्लॅस्टिकची पट्टी, दुसऱ्याला त्यांची गाठ. "सोड." पट्टीशी झटून मी रडकुंडीला आले. गाठ एका ओढीत सुटली.

"याचं पन लिव कुठंतरी."

फॉर्मवर तशी जागाच नव्हती. मी पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर सगळं लिहिलं, आणि पुढे त्यांच्या नावासमोर 'तयार नाही'.

हेड ऑफिसने फॉर्मची पुढचीच बाजू स्कॅन केली आणि कागद परत पाठवले. आबांचा तो कामाचा शेवटचा दिवस होता. दारातून खाडीचा वारा येत होता, कागद फडफडत होते. आपला फॉर्म त्यांनी सगळ्यात वर ठेवला आणि कागदांच्या गठ्ठ्याला तीच गाठ मारली. "उडतील, बाय," एवढंच म्हणाले.

आबा आता नाहीत. तो गठ्ठा माझ्या कपाटात आहे. कधीतरी लोंबतं टोक चिमटीत धरते. बोटं काही गोठलेली नाहीत माझी. तरी ओढवत नाही.