गुंजाळ सरांची कोरी चिठ्ठी

गुंजाळ सरांची आणि माझी पहिली भेट आठवीत झाली, पिंपळवंडीला. इंग्रजीच्या पहिल्या तासाला त्यांनी पुस्तक उघडलंच नाही. प्रत्येकाच्या हातावर एकेक चिठ्ठी ठेवली. चिठ्ठीवर रोजच्या बोलण्यातला एक इंग्रजी वाक्प्रचार आणि खाली त्याचा अर्थ. नियम एकच: नुसता पाठ करायचा नाही, वापरून दाखवायचा. माझ्या चिठ्ठीवर होतं ‘अंडर द वेदर’, म्हणजे तब्येत बरी नाही. मी घरी जाऊन आईला तेच अर्थासकट सांगितलं. तिने माझ्या कपाळावर सुंठ उगाळून लावली आणि पुढच्या तासाला हे ऐकून सर पोट धरून हसले.

दर शनिवारी नवी चिठ्ठी मिळे. दहावीनंतरही मी त्यांच्या घरी जाऊन ती घेत असे. माझ्याकडे चांगला डबाभर साठा झाला आणि मला शिंगं फुटली.

पदवीनंतर आळेफाट्याजवळ द्राक्षं निर्यात करणाऱ्या एका कंपनीत मुलाखत होती. घरात ठरलं होतं, नोकरी लागली तर ठीक, नाहीतर दिवाळीनंतर लग्न. साहेबांनी विचारलं, परदेशातलं गिऱ्हाईक खराब मालावरून फोनवर चिडलंय, काय बोलाल? मी ऐटीत म्हणाले, ‘होल्ड युअर हॉर्सेस!’ म्हणजे, जरा दमानं घ्या. चिडलेल्या माणसाला! वर आणखी चार वाक्प्रचार ठोकले. अर्थातच नोकरी हातची गेली. घरी येऊन मी तो चिठ्ठ्यांचा डबा जाळायला चुलीपाशी नेऊन ठेवला.

सरांना कळलं तसे ते सायकलवरून घरी आले. दादा, म्हणजे माझे वडील, स्थळांचं बोलू लागले. सरांनी त्यांना थांबवलं.

“दादा, चूक पोरीची नाय, माझी हाय. बोलायचं कसं ते मी शिकवलं, समोरच्याचं ऐकायचं कसं ते राहूनच गेलं. मला एक वर्ष द्या.”

गावातला एवढा मानाचा माणूस माझी चूक आपल्या अंगावर घेत होता. मला रडू आवरेना. दादांनी वर्ष दिलं.

त्या वर्षी सर रोज चिडलेलं गिऱ्हाईक झाले आणि मी साध्या इंग्रजीत त्यांची समजूत काढत राहिले. पुढच्या हंगामात त्याच कंपनीने पुन्हा मुलाखती घेतल्या. निघताना सरांनी चिठ्ठी दिली. एसटीत उघडली तर कोरी. साहेबांनी तोच प्रश्न विचारला. मी म्हणाले, आधी त्यांचं सगळं ऐकून घेईन. आज त्याच कंपनीत परदेशचे सगळे फोन मी घेते.

ती कोरी चिठ्ठी मी जपून ठेवली होती. सर, आज तिच्यावर माझ्या अक्षरात लिहिलंय, ‘शंभर वर्षं ठणठणीत जगा.’ तुमच्या सत्काराच्या समारंभात ती तुमच्या हातावर ठेवणार आहे. नियम तुमचाच आहे, वापरून दाखवायची.