सिद्रोचा पस्तीस वर्षांचा चढ

खोकं इतकं हलकं होतं की सलूदने ते एका हाताने उचललं आणि नवऱ्याकडे दयेने पाहिलं.

"सिद्रो, तुला रिकामं खोकं विकलंय रे."

"रिकामं नाही. त्यात सायकल आहे."

"कुणाची? मांजराची?"

बूट शिवायची आरी घेऊन सिद्रोने खोक्याची पट्टी अलगद उसवली. आतून काळीभोर फ्रेम निघाली. तिच्यावर ना नाव, ना चित्र, ना रंगाचा पट्टा. कोपऱ्यावरच्या सायकल दुकानाची पोरगी जोवी त्याला कुया, म्हणजे दादा, म्हणायची. तिने आधीच सांगून ठेवलं होतं, "कुया सिद्रो, नावाचे पैसे निराळे लागतात. तुम्हाला नाव हवंय की कार्बन?" जन्मभर दुसऱ्यांच्या शिक्क्याचे बूट शिवलेल्या माणसाला नावाचं काय कौतुक असणार! त्याने कार्बन घेतला. कातडं तोलायच्या तराजूवर फ्रेम ठेवून पाहिली, तर शेजारी पडलेली गवंड्याच्या बुटांची जोडी तिच्याहून जड भरली. मग तो फ्रेम छातीशी धरून दुकानभर फिरला. गिऱ्हाईक दारात उभं होतं, तेही जरा वेळ बघत राहिलं.

साठी तीन आठवड्यांवर आलेल्या माणसाला हे काय सुचलं, असं सगळ्या गल्लीने विचारून झालं. फिलिपीन्समधल्या या मारिकीनात बुटांची दुकानं जितकी, तितकेच न मागता सल्ला देणारे. कुणी म्हणालं, गुडघे जातील. कुणी म्हणालं, गेलेत ते परत येणार आहेत का? सिद्रो सगळ्यांना एकच सांगायचा, "साठीचं, ज्येष्ठ नागरिकाचं कार्ड हातात पडायच्या आत एक काम उरकायचंय." काम कोणतं, हे त्याचा जुना दोस्त नार्दो सोडला तर कुणालाच ठाऊक नव्हतं.

तर ते काम असं. पस्तीस वर्षांपूर्वी सिद्रो वर आंतिपोलोला राहणाऱ्या सलूदच्या मागे लागला होता. दर रविवारी तो माल पोचवायची लोखंडी सायकल घेऊन डोंगर चढून जायचा. पहिल्याच रविवारी सलूदच्या बापाने दारात विचारलं, "कसा आलास रे?" आणि सिद्रोच्या तोंडून निघून गेलं, "सायकल चालवत. खालपासून वर, पाय न टेकता." बस्स. म्हातारा त्या वाक्यावर लट्टू झाला. लग्नात त्याने ते सांगितलं, दोन्ही नातींच्या बारशाला सांगितलं आणि पुढे मरेपर्यंत दर नाताळच्या जेवणात, डुकराचं कातडं कुरकुर चावत, पुन्हा पुन्हा सांगितलं. त्याच्यामागे सलूदने तो वारसा चालवला. खरी गोष्ट इतकीच होती की सिद्रो ती सायकल डोंगरभर ढकलत न्यायचा आणि सलूदच्या गल्लीच्या कोपऱ्यावर, घाम पुसून, तिच्यावर बसायचा.

आता त्याने मनाशी ठरवलं होतं. साठाव्या वाढदिवशी, रविवारीच, चढ खरोखर चढायचा. पाय न टेकता वर पोचलो तर सलूदला सगळं सांगून टाकायचं. पाय टेकला, तर ते खोटं आपल्याबरोबर पुरायचं. एवढी साधी शर्त.

सायकल जुळवायला अठरा दिवस लागले आणि त्यातला प्रत्येक दिवस सिद्रोने पोरासारखा उड्या मारत घालवला. गिअर जोवीकडचे, एका बँकवाल्याने काढून टाकलेले. चाकं नवी. पुढच्या फोर्कची नळी कापायची वेळ आली तेव्हा जोवी म्हणाली, इथे खूण केलीय, इथेच कापा. पण कातडं कापताना शिवणीपुरतं जास्त ठेवायचं, ही सिद्रोच्या हाताची सवय. त्याने चार बोटं जास्त ठेवली. मग दोन बोटं कापली. मग पुन्हा एक. तरी एक बोट उरलंच आणि त्यावर कड्या रचाव्या लागल्या. "राहू दे," तो म्हणाला. "उद्या फोर्क वाढला तर?"

गिअरची तार फ्रेमच्या पोटातून ओवायची होती. पुढच्या भोकातून आत शिरलेली तार मागच्या भोकातून काही केल्या बाहेर येईना. दोन दिवस सिद्रो फ्रेम उलटी करून हलवत होता, कानाला लावत होता, तिला लाडीगोडी लावत होता. तिसऱ्या दिवशी सलूदला राहवलं नाही. चाळीस वर्षं तळ चिकटवणाऱ्या माणसाला एवढंही सुचू नये, याचा तिला संतापच आला. तिने शिवणीच्या दोऱ्याला कापसाचा बोळा बांधला, तो पुढच्या भोकात कोंबला आणि मागच्या भोकाला कातड्याची धूळ ओढायचं यंत्र लावलं.

"सोड दोरा. सोड म्हणते ना!"

यंत्र घोंगावलं आणि पापणी लवायच्या आत बोळा पलीकडून यंत्राच्या पोटात! दोघंही ओरडली. सिद्रोने तिला कमरेला धरून कातड्याच्या ढिगाभोवती दोन गिरक्या मारल्या. यंत्र चालूच होतं, त्यात तिच्या ॲप्रनचं टोक गेलं, ते ओढून काढताना दोघंही खाली बसली आणि हसून हसून बेजार झाली. हँडलला त्याने दुकानातली पट्टी लावली नाही. वासराचं पातळ कातडं गुंडाळून खालच्या बाजूने बारीक टाक्यांनी शिवलं. ते टाके बघायला समोरच्या गल्लीतले तीन कारागीर आले आणि मान डोलावून गेले. मारिकीनात याहून मोठा मान नाही.

राहिली होती सीटची दांडी. तीही कार्बनचीच. त्यासाठी जोवीने एका डबीत राखाडी मलम दिलं होतं. "दांडीला हे लावूनच आत घालायचं, कुया. विसरायचं नाही हं."

सिद्रोने डबी उघडली, मलम दोन बोटांत चोळलं आणि त्याचा चेहरा पडला. मलमात वाळू! चांगली कचकच लागत होती. कातड्यावर वाळूचा एक कण बसला तर अख्खा बूट बाद करणाऱ्या माणसाच्या हाती असली डबी! बिचाऱ्या पोरीला कुणीतरी खराब माल गळ्यात मारला, असं त्याच्या मनाने घेतलं. तिला सांगून कशाला हिरमुसली करा? त्याने डबी गुपचूप कचऱ्यात टाकली आणि दोऱ्याला लावायचं आपलं मधमाशीचं मेण काढलं. बापाच्या कृतीचं, लोण्यासारखं मऊ. ते दांडीला चोपडून, कापडाने पुसून चकचकीत केलं. दांडी आत अशी सुळकन गेली की सिद्रोच्या डोळ्यांत पाणी आलं. मग जोवीच्या छोट्या पान्याने, टक् असा आवाज येईपर्यंत आणि त्याच्यापुढे केसभरही नाही, असा त्याने बोल्ट आवळला. सांगितलेलं ऐकणारा माणूस होता तो, निदान आपल्या मते.

रविवारी सकाळी सलूद जीपनीने, म्हणजे प्रवासी जीपगाडीने, पुढे गेली. नव्या वाहनाची पहिली फेरी आंतिपोलोच्या देवळापर्यंत आणि तिथे त्याच्यावर तीर्थ शिंपडून घ्यायचं, हे तिच्या घरात कधी चुकलेलं नव्हतं. कपडे धुवायचं यंत्र वर नेता येत नाही म्हणून तिला अजून हळहळ वाटते. "ब्रेकला आशीर्वाद मिळाल्याशिवाय उतार उतरायचा नाही," तिने जाता जाता बजावलं.

नार्दो स्कूटरवरून मागे निघाला. साक्षीदार म्हणून.

सपाटीवर ती सायकल म्हणजे नुसती मजा होती. पॅडलला पाय लावला की पुढे, आणि आवाज कसलाच नाही. सिद्रो हसत होता, एकटाच, तोंड उघडं टाकून. पहिला चढ आला तोही मस्त गेला. दोन तरुण पोरं मागे पडली आणि त्यांच्याकडे वळून बघायचा मोह सिद्रोने आवरला नाही. तिसऱ्या वळणावर मात्र गुडघे जरा जास्त वर यायला लागल्यासारखं वाटलं. म्हातारपण, तो मनात म्हणाला, आजच यायचं होतं का?

"पारे! दोस्ता!" मागून नार्दो ओरडला. "तू बुटका होतोयस!"

"काहीतरी बोलू नकोस!"

"अरे खरंच! मघाशी तुझ्या पाठीमुळे मला पुढच्या जीपनीची पाटी दिसत नव्हती. आता सगळी वाचता येतेय!"

सिद्रोने मांडीखाली हात घातला आणि त्याला घाम फुटला. सीट निम्मी खाली गेली होती. बापाच्या कृतीचं मेण आपलं काम चोख करत होतं आणि दांडी धरून ठेवणारी ती वाळू कचऱ्यात पडली होती. थांबून दांडी वर ओढावी तर पाय टेकणार. नार्दोने स्कूटर शेजारी घेतली, एका हाताने हँडल धरलं आणि दुसऱ्या हाताने सीट वर उपटायला लागला.

"ढुंगण उचल!"

"उचललंय!"

"अजून उचल! मी काय तुला पाळण्यातून काढतोय का?"

सीट काही हलेना, पण शेजारून चाललेल्या जीपनीतले सगळे प्रवासी एका बाजूला झाले आणि एका बाईने फोन काढला. सिद्रोने नार्दोला हाकललं. "हात लावू नकोस. नंतर कुणी म्हणायला नको, ढकललं म्हणून." पुढचा चढ त्याने उभ्यानेच मारला. दम संपला की सीटवर टेकायचा आणि टेकलं की सीट आणखी एक बोट खाली. शेवटच्या चढावर त्याचे गुडघे कानांपर्यंत यायला लागले होते. मघाशी मागे पाडलेली दोन पोरं पुढे निघून गेली. जाताना "लोलो, मस्त!" म्हणाली, आणि आजोबा म्हणवून घ्यायचंही त्याला त्या क्षणी काही वाटलं नाही.

देवळाच्या अलीकडे एक जीपनी प्रवासी घ्यायला मध्येच थांबली. उजवीकडे गाड्या, डावीकडे काजूवाल्या बाया. सिद्रोचा वेग संपला, तोल गेला, डावा पाय पॅडलवरून सुटला. जमिनीपासून वीतभर वर तो पाय लटकत होता आणि पस्तीस वर्षांचं खोटं त्याच्या अंगठ्याशी येऊन थांबलं होतं. जीपनीच्या पाठीला हात लावला असता तरी चाललं असतं. शर्त पायाची होती, हाताची नव्हती. पण सिद्रोने हात लावला नाही. त्याने हँडल गर्रकन वळवलं, पाय पॅडलवर आपटला आणि पेट्रोल पंपाच्या आवारात शिरला. तिथे त्याने एक फेरी मारली, मग दुसरी. पंपावरच्या पोरीने विचारलं, "किती भरू?" तिसऱ्या फेरीला जीपनी हलली आणि सिद्रो रस्त्यावर आला.

देवळाच्या आवारात नव्या कोऱ्या मोटारी दारं उघडी टाकून, पुढची झाकणं वर करून तीर्थाची वाट बघत होत्या. त्या रांगेत सलूद छत्री घेऊन जागा अडवून उभी होती. सिद्रो तिच्यासमोर आला, थांबला आणि त्याने दोन्ही पाय धाडकन जमिनीवर टेकले.

"हे काय? बेडकासारखा काय बसलायस?"

"सलूद," धाप लागलेली असतानाच तो म्हणाला, कारण दम परत आला तर धीर जाईल अशी भीती होती, "मी खोटं बोललो होतो. तेव्हा मी चालवत यायचो नाही. ढकलत यायचो. तुझ्या कोपऱ्यावर चढून बसायचो फक्त. आज आलोय चालवत. नार्दोला विचार."

"टेकला नाही!" नार्दो मागून ओरडला. "पंपावर तर नाचला!"

सलूदने छत्री मिटली.

"ढकलत यायचास ते माहितेय मला."

"कधीपासून?"

"पहिल्या रविवारपासून. तू ऐट दाखवायला नवेकोरे बूट घालून यायचास आणि आमच्या दारात काढून ठेवायचास. बाबांनी एक उलटा करून मला दाखवला. सायकल चालवणाऱ्याच्या तळाला मधोमध पॅडलचा ओरखडा पडतो. तुझा मधला भाग कोरा, आणि चवडा पार खरवडलेला. काही रविवार गेल्यावर बाबा म्हणाले, पोरगा खोटारडा आहे. पण एवढा डोंगर, ते लोखंडाचं धूड ढकलत, पायाला चावणाऱ्या नव्या बुटांत दर रविवारी चढून येतो. ह्याला हो म्हण."

सिद्रोने नकळत पाय उचलून आपल्या बुटाचा तळ बघितला.

"मग दर नाताळला ती गोष्ट..."

"तुझे कान लाल व्हायचे ना, ते बघायला. बाबांना फार मजा यायची. मलाही येते."

सिद्रोला आधी राग आला. मग हसू आलं, मग रडू आलं, आणि मग तिन्ही एकदम. मेलेल्या सासऱ्याला त्याने मोठ्याने एक सणसणीत शिवी दिली, देवळाच्या दारात, आणि लगेच छातीवर क्रूस केला. पाद्री तीर्थाचं भांडं घेऊन आले. त्यांनी सायकलला एक प्रदक्षिणा घातली, तिच्यात उघडायला झाकण कुठे आहे ते शोधलं, ते सापडलं नाही तेव्हा थोडं जास्तच पाणी शिंपडून पुढच्या मोटारीकडे वळले.

सलूदने सायकलच्या सीटवर हात ठेवला. मग हळूच एक पाय पलीकडे टाकून ती बसली. बापाच्या दुकानातले सुमान, पानात बांधलेले गोड भाताचे मुटके, ती लहानपणी सायकलवरूनच घरोघर पोचवायची, याच चढांवरून. सीट तिच्या मापाला अगदी बरोबर आली होती. तिने हँडलवरच्या टाक्यांवरून अंगठा फिरवला, चप्पल पॅडलवर ठेवली आणि उघड्या दारांच्या मोटारींमधून निघाली.

"अगं, कुठे चाललीस?"

"सुमानच्या दुकानांपाशी!" ती मागे न बघता ओरडली. "तू चालत ये. तुला सवय आहे!"