शिंपीमास्तरांचा एमआरआय
शिंपीमास्तरांचे पाय बधिर व्हायला लागले, तेव्हा त्यांनी दोष दिला शिलाईमशीनला. "जन्मभर पाय मारले, आता ते संप करणारच." पण एकदा दुकानाच्या पायरीवरच कोसळले आणि डॉक्टरांनी पाठीचा एमआरआय सांगितला.

मास्तरांना बंद जागेचा धसका. लिफ्टमध्येसुद्धा पाय ठेवत नसत. पहिल्या खेपेला त्या बोगद्यात जेमतेम खांद्यांपर्यंत गेले आणि थांबवायच्या इशाऱ्यासाठी हातात दिलेला रबरी फुगा दाबून बाहेर आले, घामाने निथळत.

"मला नाही जमायचं," घरी आल्यावर बायकोला म्हणाले. "व्हायचं ते होऊ दे."

"होऊ दे म्हणे. मग उचलून कोण फिरवणार तुम्हाला, मी?"

ती हॉस्पिटलात जाऊन सगळं नीट विचारून आली. दुकानातल्या कापड बेतायच्या टेबलाखाली तिने चादर अंथरली, चहूबाजूंनी अस्तराचं कापड सोडलं आणि मास्तरांना आत निजवलं. आत जाण्याआधीच डोळे मिटायचे, श्वास हळूहळू सोडायचा. एमआरआयचं मशीन मोठ्याने ठोके देतं, म्हणून ती लाकडी पट्टीने टेबल बडवत बसायची.

"गिऱ्हाईक आलं तर काय सांगशील?" आतून मास्तरांनी विचारलं.

"मास्तरांचं माप घेतेय म्हणून."

दोघंही हसली. बऱ्याच दिवसांनी.

कपड्यांना हुक नको, चेन नको, म्हणून मास्तरांनी स्वतःच नाडीची विजार शिवली. शिवण तिरकी गेली. त्यांनी ती उसवली नाही.

दुसऱ्या खेपेला हॉस्पिटलातली मशीन चालवणारी मुलगी म्हणाली, "काका, मी मधूनमधून बोलत राहीन. घाबरलात तर फुगा दाबा." अंगावरचं धातूचं सगळं उतरवून बायकोलाही आत बसू दिलं. मास्तर शेवटपर्यंत हलले नाहीत.

बाहेर आल्यावर म्हणाले, "तू कुठे होतीस गं?"

"म्हणजे काय? तुमचा पाय धरून तर बसले होते."

मास्तर आपल्या पायांकडे बघत राहिले.

मणक्यात गाठ निघाली, आणि तिचं मूळ फुफ्फुसात. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशनचा आता उपयोग नाही, दुखणं कमी ठेवू.

"पुन्हा त्या मशीनमध्ये जायला लागेल?" मास्तरांनी एवढंच विचारलं.

"नाही."

पुढच्या आठवड्यात बायको दुकानातली न बेतलेली कापडं परत करायला बसली. एक जुनं गिऱ्हाईक म्हणालं, "राहू द्या की, वहिनी. मला घाई नाही. मास्तर बरे झाले की शिवतील."

"घेऊन जा, भाऊ," ती म्हणाली. "दुसरीकडे शिवून घ्या."