गुळगुळीत केलेली ऐरण

माझ्याकडे सात ऐरणी होत्या, आता सहा आहेत. सातवीबद्दल लिहायचं मी दोनदा टाळलं. पत्रक लिहिताना माझा हात कधी अडत नाही. कोण चोर, कोण झोपलाय, कुणाचे हात कुणाच्या खिशात, सगळं एका बैठकीत. इथे अडतो, कारण बोट दाखवायचंय ते स्वतःकडे.

लोहारकामाचा नाद मला मोबाईलवरच्या व्हिडिओंनी लावला. तळवड्यात एका मित्राचं छोटं युनिट आहे. त्याच्या मागच्या शेडमध्ये रविवारी मी भट्टी पेटवायचो, ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्यांचे तुकडे तापवायचो आणि वाकड्यातिकड्या सुऱ्या करायचो. मित्र म्हणायचा, "राव, सुरी झकास झालीय. फक्त भाजी आधी चिरून देत जा."

सुऱ्या काही जमेनात, पण हत्यारं गोळा करायची गोडी लागली. जुने हातोडे, सांडशा, ऐरणी. ओळखीचे भंगारवाले चाचा माल आला की फोन करायचे.

त्याच काळात आमच्या भागातल्या कार्यकर्त्यांच्या गटाने रहाटणीत फुटपाथसाठी मोहीम काढली. पत्रक मी लिहिलं: 'फुटपाथ कुणाच्या बापाचा?' खाली यादी दिली. बिल्डरचं विक्री ऑफिस, हॉटेलची टेबलं, शोरूमच्या गाड्या. यादी छोटी दिसायला लागली म्हणून शेवटी आणखी एक ओळ घातली, 'रस्त्याकडेची धोकादायक भट्टी'. ती भट्टी एका घिसाडी जोडप्याची होती. नवरा सांडशीत तापलेलं लोखंड धरायचा, बायको दोन्ही हातांनी घण मारायची. जे काम मी मोबाईलवर बघून शिकत होतो, ते माझ्या घरापासून पाच मिनिटांवर चाललं होतं. मी त्यांच्याशी एक शब्द बोललो नव्हतो. रस्त्यापलीकडून फोटो मात्र काढला.

महापालिकेची कारवाई झाली. बिल्डरचं ऑफिस आजही तिथेच आहे. हॉटेलची टेबलं आठवड्यात परत आली. भट्टी तेवढी गेली, सामानासकट गाडीत घालून नेली. आम्ही पेढे वाटले.

काही महिन्यांनी चाचांचा फोन आला, "भाऊ, ऐरण आली है, पुरानी. एक कोना टूटा है, बाकी मजबूत."

गेलो. छान होती. विचारलं, कुठली? म्हणाले, "उठाए हुए माल का लिलाव था ना, उसी में से."

मी हे नीट ऐकलं. पुढे विचारलं नाही. विचारलं असतं तर ती घेता आली नसती.

शेडमध्ये आणून मी तिच्यावर ग्राइंडर चालवला. वरच्या बाजूला मधोमध वाटीएवढा खोलगट भाग पडला होता. मला वाटलं, वापरून झिजलीय बिचारी. दोन रविवार घासून तो खळगा पार नाहीसा केला. माथा आरशासारखा झाला. फोटो टाकला, शंभर जणांनी वाहवा केली. मग मिरवायला म्हणून ती घरी आणली.

आई ओट्यावर भाकरी थापत होती. तिने ऐरणीकडे बघितलं, हात धुतले आणि तुटक्या कोपऱ्यावरून बोट फिरवलं.

"ही तर त्या घण मारणाऱ्या बाईची. माझ्या विळीला तीच धार लावायची. तुला कुठं घावली?"

"भंगारात."

"भंगारात आपसूक गेली व्हय?"

मी फडक्याने ऐरण पुसायला लागलो.

"पत्रक तूच लिवलं होतंस न्हवं? मला वाचून दाखवलंस की दारात उभा राहून. देऊन ये जा."

भाजीवालीकडून तिनेच पत्ता काढला. ते दोघं आता चाकणच्या आठवडे बाजारात बसत होते.

ऐरण स्कूटरवर पायांमध्ये ठेवून गेलो. ते रेल्वेच्या रुळाच्या तुकड्यावर काम करत होते. प्रत्येक घावाला तुकडा उडायचा, नवरा पायाने तो जागेवर आणायचा. बाईने ऐरण बघितली आणि घण खाली ठेवला. जवळ आली, हात लावून हात कपाळाला लावला. शेजारच्या मसालेवाल्याकडून चिमूटभर हळद आणली, ऐरणीला लावली. उरलेली माझ्या कपाळाला लावायला निघाली. मी मागे सरलो.

"लाजतंय बघा पोरगं," ती हसून नवऱ्याला म्हणाली. "दादा, चा घ्या. देवमाणूस हायसा."

मी चहा घेतला. तो चहा मी प्यायलो, हे लिहून ठेवतो.

नवऱ्याने ऐरणीच्या माथ्यावर अंगठा फिरवला. परत फिरवला.

"हिचं पोट कुठंय?"

मला कळलं नाही. त्याने ओंजळ करून दाखवलं. "पळी खोलगट ठोकायचो ती ह्याच्यात. माझी आई इथंच घण मारायची, मग ही मारायला लागली. तवा कुठं पडलं होतं ते. कुणी घासलं?"

"मी. मला वाटलं, खराब झालीय."

"मशीननं?"

"हो."

बाई म्हणाली, "असू द्या. कोयत्याला चालंल. दादा, तुमी शिकलेले दिसता. आमची जागा परत मिळंल असा एक कागद लिहून द्याल? कुणीतरी कागद छापला म्हणून उठवलं म्हणं."

"मीच छापला," मी म्हणालो.

बाईने माझ्या हातातला रिकामा कप काढून घेतला.

"मग उलटा लिही आता," नवरा म्हणाला. मघाचं 'तुमी' जाऊन 'तू' आलं होतं.

तिथेच गोणपाटावर बसून लिहिलं. वाचून दाखवलं. 'पारंपरिक कारागिरांच्या उपजीविकेचा मूलभूत हक्क' इथवर आलो तसं बाईने थांबवलं.

"यात आमी कुठं हाय? येवढंच लिही. सकाळी मांडतो, सांजच्याला उचलतो, इस्तू इझवून जातो. आन् तुझं नाव घाल. आधीचा कागद ह्यानंच छापला होता, असं."

घातलं. अर्ज स्वतः महापालिकेत नेऊन दिला, शिक्का घेतला. चार वेळा विचारून आलो. उत्तर नाही. गटात म्हटलं, भट्टीची ओळ चुकली असं नवं पत्रक काढू. एक जण म्हणाला, "भावा, आपलीच मोहीम आपण पाडायची का?" भट्टी पाडायची का, हे पहिल्या पत्रकाच्या वेळी कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही.

गेल्या महिन्यात चाकणला गेलो, तेव्हा आईची ओळख सांगितली. ऐरण जमिनीत रोवलेली, तिच्यावर कोयता चाललेला. बाजूला फडक्यावर स्टीलच्या पळ्या मांडलेल्या, कारखान्यातल्या, चकचकीत. घाऊक आणून विकतात.

बाईने त्यातली एक उचलून माझ्या हातात दिली. "आईला ने. तिला आपली पळी लागायची."

आईने ती उलटीसुलटी करून पाहिली आणि फडताळात मागे ठेवली. आमटी अजून त्यांनी ठोकलेल्या जुन्याच पळीने वाढते.