जंपर काढा!

माझ्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याला आम्ही पाठीमागं जंपशेठ म्हणायचो. मी सांगतेय ना, मग लिहून घे तसंच, घाबरतोस काय!

त्याला इंग्रजी एवढा एकच शब्द यायचा, जंप. पण मिरवायचा असा, जणू साहेबानं तो याच्याकडनंच उसना नेलाय. एक नोकरी सुटून दुसरी लागली, की "जंप मारली." मारली कसली, हाकललं होतं मेल्याला! सिग्नलला थांबला नाही, की "जंप केला." पेपराचं मधलं पान न वाचता सोडलं, तरी जंपच. वर मला म्हणायचा, "अक्का, एका शब्दाचे किती अर्थ असतात, तुम्हाला नाही कळायचं." नाहीच कळायचं बाबा. आम्हाला कामं असतात.

घर चालायचं बहिणीच्या शिवणावर. पुढच्या खोलीत, विजेच्या बोर्डाखाली तिची मोटरची मशीन. पोटाला चिमटा काढून घेतलेली. ती बंद, तर चूल बंद.

एकदा फ्यूज उडाला. बहीण माप घ्यायला बाहेर गेलेली. वायरमननं तात्पुरता तारेचा तुकडा जोडला, त्याला ते लोक जंपर म्हणतात. जाताना याला बजावलं, "नवा फ्यूज घेऊन येतो. तोवर इस्त्री लावू नका. जळका वास आलाच, तर मेन बंद करून आधी जंपर काढा."

कुठला जंपर, एवढं विचारायला तोंड होतं ना? पण विचारेल कसा, शब्दाचा मालकच तो! वायरमनची पाठ फिरताच स्वतःच्या पँटला इस्त्री करायला बसला. झालं, बोर्डातनं धूर. आता आमच्यात बायकांच्या पोलक्याला जंपर म्हणायचे. या शहाण्यानं मेन तसाच ठेवला, दोरीवरची शिवलेली पोलकी कवटाळली आणि रस्त्यावर धावत सुटला, "जंपर काढले! सगळे काढले!"

समोरनं बहीण येत होती. "आणि माझी मशीन?"

"ती आत आहे. पण जंपर बघ, एकाला डाग नाही!"

मागनं वायरमन पोचला, मेन पाडला, आग विझवली. "अहो, तार काढायची होती, तार!"

"मग तार म्हणायचं की!" हा त्यालाच झापतोय!

मोटरचा कोळसा झालेला. बहीण रडली नाही. मशीनचं चाक हातानं फिरवून बघितलं, फिरत होतं. पोलकी त्याच्या हातातनं काढून घेतली, शेजारी स्टूल ओढलं.

"बसा इथं. धरा चाक."

"मी? लोक काय म्हणतील?"

"फिरवा म्हणते ना! हळू. अहो, उलटं नाही!"